न फिरवायचं इंजिन

तयार इंजिन नुसतं उभं करून ठेवणं हा माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट भाग. खोललेल्या इंजिनात काहीतरी करण्यासारखं असतं. चालू इंजिनात ऐकण्यासारखं असतं. पण जुळवून, झाकणं लावून, बोल्ट आवळून झालेलं इंजिन कुठल्यातरी एका सामानासाठी अडकून पडलं की मला बसवत नाही. मी पुसलेले पाने पुन्हा पुसते, रस्त्यावर टेम्पो आला का बघायला चार वेळा बाहेर जाते, चहा करते आणि प्यायला विसरते.

त्या हिवाळ्यात सामान होतं रेडिएटर. तो पनवेलला दुरुस्तीला गेला होता आणि ‘उद्या देतो’ म्हणणारा माणूस रोज उद्याच म्हणत होता.

माझं गॅरेज अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पत्र्याची शेड, मागे चार माड, समोर डांबर. बाबा आधी खाडीवर बोटींची इंजिनं करायचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, पण बोटींऐवजी जुन्या मोटारी धरल्या. मुंबईचे लोक इथे बंगले बांधतात आणि हौसेने जुन्या गाड्या मांडव्याला बोटीतून उतरवतात. खारी हवा दोन वर्षांत त्यांची हौस फेडते. मग त्या माझ्याकडे येतात. पत्रा, रंग, सीट यांना मी हात लावत नाही, त्याला दुसरे लोक आहेत. मी इंजिन करते, आणि त्यातही जास्त करून वरचं काम: व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह हलवणारं सगळं.

ते काम सांगायला सोपं आहे. इंजिनाच्या पोटात कॅम नावाचा दांडा फिरतो. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. उंचवटा फिरून वर आला की त्याच्यावर टेकलेल्या टॅपेटला उचलतो. टॅपेट एका लांब काडीला ढकलतं, काडी वरच्या रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. स्प्रिंग तो पुन्हा बंद करते. हे मिनिटाला हजारो वेळा. उंचवटा आणि टॅपेट एकमेकांवर घासत असतात आणि त्यांच्यामध्ये फक्त तेलाचा एक पापुद्रा असतो. तो पापुद्रा गेला की लोखंड लोखंडाला खातं.

डॉक्टरीणबाईंची गाडी मी बघायच्या आधी ऐकली. चौलच्या वळणावरून टकटक येत होती. कुणीतरी पत्र्याच्या डब्यात सुपारी हलवतंय असा आवाज. गाडी माझ्याहून वयाने मोठी आणि बाई गाडीहून मोठ्या. सत्तरी उलटलेली, पण सकाळचा दवाखाना चालू, आणि दुपारी या गाडीतून घरोघरी जाणं चालू. आमच्या घरी माझ्या आईपासून सगळ्यांना त्यांनीच औषध दिलंय. त्यांनी गाडी शेडमध्ये घातली, इंजिन बंद केलं, आणि उतरायच्या आधीच सांगून टाकलं.

“हे बघ, सरळ सांगते. गेल्या महिन्यात रेवदंड्याच्या पुलावर ही बंद पडली. मागे ट्रकांची रांग. कुणीतरी फोटो काढून माझ्या मुलाला पाठवला. तो म्हणाला, आई, पुरे. दवाखाना बंद कर आणि पुण्याला ये.”

“मग?”

“मग आमचा करार झाला. इंजिन नीट झालं तर मी इथे. नाही झालं तर त्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. नवीन गाडी घ्यायला तो तयार नाही. म्हणतो, मी गाडी चालवूच नये हाच तर मुद्दा आहे.”

“आणि तुम्हाला बाल्कनी नको.”

“बाल्कनी चांगली आहे गं. तिथून दुसऱ्यांच्या बाल्कन्या दिसतात.”

मी वरचं झाकण काढलं. रॉकरचा दांडा खालच्या बाजूने खोबणी पडेपर्यंत झिजला होता, तेलाची भोकं काळ्या चिखलाने बुजली होती. पण टकटक तेवढ्याने होत नाही. बाजूची झाकणं काढून टॅपेट बाहेर घेतली तेव्हा खरं दुखणं दिसलं. दोन टॅपेटच्या तळाला बशीसारखे खड्डे, आणि कॅमवरचे त्यांचे उंचवटे पुसट. एक तर जवळजवळ गोल झाला होता. म्हणजे तो व्हॉल्व्ह अर्धाच उघडत होता.

“तेल कोणतं घालता?” मी विचारलं.

“मुलगा आणतो पुण्याहून. दर वेळी येताना डबे घेऊन येतो. चांगलं महागाचं आहे.”

महागाचं होतंच. नव्या गाड्यांसाठी उत्तम, पाण्यासारखं पातळ. पण जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट घासून चालतात. त्यांना तेलात जस्त आणि फॉस्फरसचा अंश लागतो, तो नव्या तेलातून कमी केलेला असतो. आमच्याकडे बंदरावरच्या दुकानात जुन्या बोटींसाठी जे जाड तेल मिळतं, ते या गाडीला जास्त मानवतं. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे त्याने काळजीने आणलं, आणि त्यानेच हे झालं.”

“हो.”

“हे त्याला कळायची काही गरज नाही.”

“मला काय करायचंय सांगून.”

कॅम मी स्वतः मुंबईला नेला. तो लांब असतो, वाकला की संपला, म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून मांडव्यापासून मांडीवर आडवा धरून बसले. शेजारच्या बाईने दोनदा माझ्याकडे बघून पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. ग्राइंडिंगवाल्याने कॅम मशीनवर लावला, मापं घेतली, आणि परत देताना सांगितलं की हे शेवटचं. या दांड्यावर आता पुन्हा घासण्याइतकं लोखंड नाही. दुसरा कॅम कुठे मिळेल विचारलं तर हसला.

परत येताना मी तो आणखी घट्ट धरला.

मग खरं काम. व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नवीन गाइड, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, घासून त्यांची राखाडी रेघ सगळीकडे सारखी येईपर्यंत बसवणं, टॅपेटचे तळ घासून पुन्हा नीट करणं, रॉकरचा नवीन दांडा, त्याची भोकं तारेने आणि रॉकेलने साफ. हे सगळं मला आवडतं कारण हात चालू राहतात. शेवटी कॅम आणि टॅपेटना काळी घट्ट पेस्ट लावायची. ती साधं तेल नाही. साधं तेल उभ्या इंजिनात ओघळून जातं. पेस्ट चिकटून राहते. पहिल्यांदा इंजिन सुरू होतं तेव्हा तळातलं तेल वर चढायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नव्या उंचवट्यांना ही पेस्टच सांभाळते. म्हणून नियम असा की पेस्ट लावली, झाकणं बसवली, की इंजिन फिरवायचं नाही. एकदाच सुरू करायचं, ते थेट चढ्या रेसवर, आणि वीस मिनिटं खाली येऊ द्यायचं नाही. त्या वीस मिनिटांत कॅम आणि टॅपेट एकमेकांना ओळखतात. नाही ओळखलं तर एकमेकांना खातात.

इतकं झालं आणि रेडिएटर पनवेललाच. मी रोज फोन करत होते. बाई मला रोज फोन करत होत्या.

“झालं?”

“रेडिएटर.”

“अजून?”

“अजून.”

त्यांचा मुलगा रविवारी येणार होता. करार बघायलाच येणार होता. तो आला आणि गाडी चालली नाही, तर सामान बांधायला तोच मदत करणार होता. दवाखान्यातल्या मदतनीस बाईला दुसरी नोकरी बघायला सांगू का, हेही बाईंनी मला एका फोनवर विचारलं होतं. मी थांबायला सांगितलं. सांगायला माझं काय जातं. पण त्यानंतर मी स्वस्थ बसूच शकले नाही. स्टँडवरच्या इंजिनाभोवती मी फेऱ्या मारायचे, बोल्टांना पुन्हा पाना लावून बघायचे. सगळे घट्ट. सगळे कालच्याइतकेच घट्ट.

गुरुवारी टेम्पो आला. शुक्रवारी इंजिन गाडीत बसलं, रेडिएटर, पाइप, वायरी, सगळं लागलं. शनिवारी सुरू करायचं ठरलं. त्या सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेले, कारण घरी काही सुचत नव्हतं.

शेडचं शटर बाबा उघडतात. वय झालंय, बोटींचं काम सुटलंय, पण सकाळी शटर उघडणं, झाडू मारणं आणि अगरबत्ती लावणं त्यांनी आपल्याकडे ठेवलंय. मी आत गेले तर अगरबत्ती लागलेली होती आणि बाबा गाडीच्या पुढे वाकून हँडल फिरवत होते. जुन्या गाड्यांना बंपरमधून एक हँडल घालता येतं, बॅटरी उतरली की हाताने सुरू करायला. तेच हँडल. हळूहळू, सावकाश, एक एक फेरा.

“बाबा, काय करताय?”

“फिरवतंय.”

“काय फिरवताय?”

“इंजिन. दुसरा काय हाय हितं?”

“आजच?”

“आज कशाला? तू उभा केलास तवापासून. रोज सकाली. स्टँडवर व्हता तवा बी.” ते सरळ झाले, कमरेवर हात ठेवला. “दर्याची हवा हाय बाय. इंजिन उभा ठेवला तं वॉल चिकटतील. तू तं नुसती पाने पुसतेस.”

मी गाडीच्या मडगार्डवर बसले.

ही गोष्ट आमच्या पाड्याबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून सांगते. पावसाळ्यात मासेमारी बंद होते, बोटी किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पुनवेपर्यंत त्या तिथेच शाकारून उभ्या. तेवढ्या दिवसांत खारी हवा इंजिनात शिरून व्हॉल्व्ह गाइडमध्ये गच्च बसवते. म्हणून कुणीतरी रोज सकाळी प्रत्येक बोटीवर चढून इंजिन हाताने थोडं थोडं फिरवतं. आमच्या पाड्यात ते बाबा करायचे. सगळ्या बोटींचं, न चुकता, तापात असले तरी. त्यांच्या हातचं एकही इंजिन पुनवेला जाम निघालं नाही. कोळ्याच्या घरात उभं इंजिन न फिरवणं म्हणजे तान्ह्या पोराला न्हाऊ न घालण्यासारखं.

आणि इथे त्यांनी रोज फिरवून माझी पेस्ट पुसली होती.

“आनी डाक्टरीणबायनी सांगितलाय ना,” बाबा म्हणाले, “खांदा रोज गोल फिरवाचा. न्हाय तं जखडंल. म्हनलं, एका फेऱ्यात दोन कामा.”

मी त्यांना सांगितलं. पेस्ट कशाला असते, ती कुठे असते, प्रत्येक फेऱ्याला टॅपेट उंचवट्यावरून जाताना ती कशी बाजूला ढकलली जाते. ते ऐकत होते, हँडल हातातच होतं.

“तेल हाय ना आत.”

“तेल तळाला आहे. वर चढेपर्यंत कॅम कोरडा फिरेल.”

“आमी बोटीला कवा पेस्ट लावली न्हाय.”

“बोटीचा कॅम तीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला असतो, बाबा. हा नुकताच घासून आणलाय. आणि पुन्हा घासता येणार नाही.”

“मंग आधी सांगाचा ना.”

“हो. सांगायचं होतं.”

त्यांनी हँडल बंपरमधून काढून भिंतीला टेकवलं. मग ते म्हणाले, “चालू कर तू. काय व्हत न्हाय. मी सांगतंय ना.”

तसं झालंही असतं. असं सुरू करूनही नीट चाललेली इंजिनं मी बघितली आहेत. गाडी तयार होती, बॅटरी भरलेली होती, चावी खिशात होती. दुसरा रस्ता म्हणजे जोडलेलं अर्धं सामान पुन्हा उतरवायचं: कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, रॉकर, काड्या, बाजूची झाकणं. आणि रविवार उद्या. मी चावी खिशातून काढून बाबांच्या अगरबत्तीच्या डब्यात टाकली, म्हणजे हात तिकडे जाणार नाही. मग पाने घेतले.

कॅमपर्यंत पोचायला दुपार झाली. काड्या एका खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने उभ्या केल्या. टॅपेट प्रत्येक आपापल्या जागेचं वेगळं ठेवलं, कारण ती अदलाबदल झाली तर पुन्हा सगळं मुसळ केरात. मग टॉर्च लावून आत बघितलं. उंचवट्यांच्या बुडाशी पेस्ट काळी, जाड, जशी लावली तशी. आणि टोकावर, जिथे सगळ्यात जास्त दाब येतो बरोबर तिथे, लोखंड चकचकीत उघडं.

बाबांनीही बघितलं. बोट आत घालून फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

“सुका हाय,” ते म्हणाले, आणि बाहेर माडाखाली जाऊन बसले.

ओरखडा मात्र एकही नव्हता. हाताने फिरवल्याने लोखंडाला काही होत नाही, फक्त लेप जातो. मी ते तीन-तीनदा तपासलं आणि मगच श्वास सोडला. आता पुसायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा जोडायचं. सोपं काम. नुसतं लांबलचक.

दुपारी बाई स्वतःच आल्या. फोनवर माझ्या आवाजावरून त्यांना काहीतरी कळलं असावं. रिक्षातून उतरल्या, गाडीचं उघडं पोट बघितलं आणि स्टूल ओढून बसल्या.

“खरं सांग.”

मी सांगितलं. बाबा तोवर दाराशी येऊन उभे राहिले होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

“मिस्त्री, मी खांदा फिरवायला सांगितला होता. माझी गाडी नाही.”

“व्हय बाय. पन खांदा बरा हाय.”

“दाखवा.”

बाबांनी हात वर केला. पूर्ण वर, कानाला लागेपर्यंत. दिवाळीत त्यांना सदऱ्याची बाहीसुद्धा चढवता येत नव्हती. बाईंनी उठून खांद्यामागे दाबून बघितलं, हात मागे वळवून बघितला.

“छान सुटलाय की.”

“तुमच्याच गाडीनं सोडवला,” बाबा म्हणाले.

बाई हसल्या. मी हसले नाही, मला आठ टॅपेट लावायची होती. त्यांनी विचारलं, “उद्या होईल?”

“दुपारपर्यंत. तो कधी येणार?”

“सकाळी.”

“मग त्याला जेवायला घाला. समुद्रावर न्या.”

“तो समुद्राकडे बघत नाही. फोनकडे बघतो.”

जाताना त्या काही क्षण गाडीच्या दाराला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “घाई करून बिघडवू नकोस. बाल्कनी कुठे पळून जात नाही.” हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

झाकणांची बुचाची पॅकिंगं काढताना फाटली होती आणि नवी नव्हती. बाबांनी बुचाचं शीट मांडीवर घेतलं आणि आईच्या शिवणकामाच्या कात्रीने जुन्यावरून नवी कापली. मी पेस्ट लावली. या वेळी नेहमीपेक्षा जाड, बोटाने, प्रत्येक उंचवट्यावर. संध्याकाळी हँडल उचललं आणि घरी नेऊन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. बाबांनी बघितलं.

रविवारी मुलगा सकाळी दहाच्या सुमाराला थेट गॅरेजमध्ये आला, आईला मागे बसवून. चाळिशीतला माणूस, स्वच्छ शर्ट, आवाज मऊ. त्याने बॉनेटखाली बघितलं. रॉकर अजून टेबलावर होते.

“ताई, हे आज होईल असं वाटत नाही.”

“दुपारी बघा.”

“मी भांडायला नाही आलो.” तो जरा बाजूला होऊन, आईला ऐकू जाणार नाही असं बोलला. “तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. पुलावर एकटी उभी आहे, पदर उडतोय आणि मागे ट्रक. मी मीटिंगमध्ये बसून ते बघत होतो. मला दर वेळी फोन वाजला की तेच आठवतं.”

मी रॉकर बसवायला घेतले. त्याने आपल्या गाडीतून तेलाचे दोन डबे आणून ठेवले. “नवीन इंजिनासाठी. सगळ्यात चांगलं घेतलंय.” मी बाईंकडे बघितलं. बाई छताकडे बघत होत्या. मी डबे घेतले आणि फडताळात ठेवले. पुढे ते आमच्या घरच्या नव्या गाडीत गेले. तिला उत्तम चालतात.

सगळं जोडून झालं तेव्हा एकच गोष्ट राहिली. पेस्ट असली तरी मला सुरू करण्याआधी तेल वरपर्यंत पोचलेलं हवं होतं, आणि तेही इंजिन न फिरवता. आंब्याच्या मोहरावर औषध मारायचा पंप असतो, पाठीवरचा, हाताने दांडा मारून दाब भरायचा. आम्ही नवा कोरा ठेवलाय, औषधाचा नाही. त्यात बंदरावरचं जाड तेल भरलं, त्याची नळी इंजिनाच्या तेलाच्या वाटेला जोडली.

“बाबा, खांदा फिरवायचाय ना? हा मारा.”

ते पुढे आले, दांडा धरला. “आता चालतंय?”

“आता चालतंय.”

ते सावकाश, एका लयीत मारू लागले. मी वर रॉकरवर टॉर्च धरून बसले. बराच वेळ काही नाही. मुलगा घड्याळ बघत होता. मग पहिल्या रॉकरच्या भोकातून एक थेंब फुगून आला आणि ओघळला. मग दुसऱ्याच्या. पुढचे पाच पाठोपाठ. शेवटचा अडून बसला होता; बाबांनी दोन दांडे जोरात मारले आणि तोही आला. मी झाकण लावलं.

“बाई, तुम्ही बसा आत. सुरू झालं की पाय अॅक्सिलरेटरवर. मी हात खाली करेपर्यंत पाय सोडायचा नाही. काही झालं तरी.”

“कोणी मेलं तरी?”

“तरी.”

मी अगरबत्तीच्या डब्यातली चावी त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन पेटलं. बाईंनी पाय दाबला आणि पत्र्याची शेड थरथरायला लागली. पेस्टचा आणि इंजिनाला दिलेल्या नव्या रंगाचा धूर उठला. मुलगा घाबरून काहीतरी ओरडला, पण त्याचं तोंड फक्त हललेलं दिसलं. तो आईच्या खिडकीशी जाऊन बोलू लागला. बाईंनी कानाला हात लावून ऐकू येत नाही असं दाखवलं आणि समोर बघत राहिल्या. रेडिएटर तापायला लागला तसा मी उभा पंखा ओढून मुलाच्या हातात दिला आणि जाळीसमोर धरायला खुणेने सांगितलं. तो धरून उभा राहिला. स्वच्छ शर्ट उडत होता. त्या सगळ्या वेळात त्याने एकदाही फोन बघितला नाही, त्याचे दोन्ही हात गुंतले होते. मी ठिणगीचं टायमिंग जरा हलवलं, तापमान बघितलं, तेल कुठे गळतंय का बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच बघितलं. बाबा दाराला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

मी हात खाली केला. इंजिन खाली आलं आणि शांतपणे चालू राहिलं. हलकी टिकटिक होती, ती हवीच असते. टॅपेट अगदी गप्प झाली तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो.

पण आवाजावर मी सोडत नाही. इंजिन बंद केलं, गरम असतानाच झाकण काढलं आणि रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट पातळ पट्टीने मोजली. लावताना मी ती मोजूनच ठेवली होती. कॅम खाल्ला जात असेल तर ती फट वाढलेली दिसते, मग आवाज कितीही गोड येवो. पहिला, बरोबर. दुसरा, बरोबर. जो उंचवटा गोल झाला होता त्याच्या व्हॉल्व्हशी मी आले तेव्हा बाई गाडीतून उतरून माझ्या शेजारी उभ्या होत्या. पट्टी घासून गेली, जशी जायला हवी तशी. उरलेलेही सगळे बरोबर निघाले.

“झाली,” मी म्हणाले.

मुलाने पंखा खाली ठेवला. “म्हणजे पूर्ण झाली?”

“चालवू शकतात. पण सुरुवातीचे काहीशे किलोमीटर जपून. फार वेग नाही, ओझं नाही, घाट नाही. मग तेल बदलायचं आणि फट पुन्हा मोजायची.”

“घाट नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणजे पुणं नाही.”

मुलाने माझ्याकडे बघितलं. ही आईने पढवलेली आहे का, असं. ती इंजिनाची गोष्ट होती आणि खरी होती, म्हणून मी मान हलवली. मग तो म्हणाला, “पुलावरून जाताना मला फोन करशील?” बाई म्हणाल्या, “चालवताना फोन करू?” आणि त्याला हसू आलं. तो दुपारी एकटाच परत गेला.

त्यानंतर महिनाभर तो मला फोन करायचा. “ताई, ते जपून चालवायचे किलोमीटर, रनिंग-इन, संपले का?” मी म्हणायचे, किलोमीटरचा काटा आईसमोर आहे, आईला विचारा. तो म्हणायचा, ती म्हणते तुम्हाला विचार. बाई दवाखाना ते नागाव, नागाव ते चौल, एकदा फार झालं तर पाली, अशा चालवत होत्या. काटा सावकाश पुढे सरकत होता. मला वाटलं, त्या तो मुद्दाम पुढे जाऊ देत नाहीत. त्यांनाही तसं वाटत असावं, कारण एक दिवस त्या न बोलावता तेल बदलायला आल्या.

मी तेल सोडलं, बोटांवर घेऊन उन्हात बघितलं. लोखंडाची चमक नाही. फटी मोजल्या. सगळ्या तिथेच.

“काय सांगू त्याला?” बाईंनी विचारलं.

“खरं. रनिंग-इन झालं.”

“मग घाट?”

“घाट चालेल.”

त्या स्टुलावर बसल्या. “म्हणजे मी तिथे जाऊन येऊ शकते. जाऊन. येऊ.”

“येऊ शकता.”

“आठवडाभर गाडी त्याच्या पार्किंगमध्ये उभी राहील. काही होणार नाही ना?”

मी उत्तर द्यायच्या आधी बाबा उठले. ते घरून येताना पिशवी घेऊन आले होते. तिच्यातून हँडल काढलं. त्याला अजून तांदळाची भुकटी लागलेली होती. ते त्यांनी बाईंच्या सीटखाली सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“रोज सकाली थोडा थोडा फिरवा,” ते बाईंना म्हणाले. “आता चालतंय. व्हय ना बाय?”

“चालतंय,” मी म्हणाले.